तीन पंचवीस सोळा

पुणे शहरातील जुन्या मोटारसायकलींचा विचार आजवर इंजिन, सायलेन्सरचा आवाज आणि मालकाचा स्वभाव या तीन अंगांनी पुष्कळ झाला असला, तरी हा सगळा डोलारा ज्या दोन रबरी कड्यांवर उभा असतो त्यांच्याकडे जाणकारांचे लक्ष म्हणावे तसे गेलेले नाही. इंजिन बसले तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतो, टाकीला पडलेला पोचा ठोकून काढता येतो, मडगार्ड पत्र्यातून नवे वळवून घेता येते, आणि नाना पेठेत चिकाटीने चकरा मारणाऱ्याला साठच्या दशकातील कार्ब्युरेटरही कोणाच्या तरी माळ्यावरून खाली उतरवून मिळतो. टायर मात्र कोणत्याही लेथवर होत नाही. त्याला पोलादी साचा लागतो, उष्णता आणि दाब देणारे यंत्र लागते, गंधक मिसळलेले रबर लागते, आणि मुख्य म्हणजे तसलेच हजारो टायर दरमहा उचलणारे गिऱ्हाईक लागते. या शेवटच्या अटीपाशी भल्याभल्या मोटारसायकलींचे घोडे पेंड खाते.

टायरच्या अंगावर ३.२५-१६ असा जो आकडा उमटवलेला असतो, त्यातील पहिला भाग हवा भरलेल्या टायरची रुंदी इंचांत सांगतो, आणि दुसरा भाग तो ज्या रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यावर, चढतो तिचा व्यास सांगतो. जुन्या टायरांची उंची साधारण रुंदीइतकीच असल्यामुळे ती वेगळी लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. पुढे रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्केवारीत आणि व्यास मात्र पूर्वीप्रमाणे इंचांतच, अशी तिहेरी पद्धत आली आणि ९०/१००-१० यासारखे आकडे रूढ झाले. हा आकडा उलगडायला अभियांत्रिकीची पदवी लागावी असे वाटते, परंतु पुण्यातला कोणताही पंक्चरवाला तो न वाचता, चाकाकडे नुसती नजर टाकून सांगतो, आणि अभियांत्रिकीची पदवी असलेला मालक ते वहीत टिपून घेतो. यातील व्यवहाराचा मुद्दा इतकाच की रुंदीच्या बाबतीत थोडे इकडेतिकडे चालून जाते. व्यासाच्या बाबतीत अर्ध्या इंचाचीही तडजोड नसते.

यावरून एक सिद्धांत मांडता येतो. जुन्या मोटारसायकलीचे भवितव्य तिच्या घराण्यावर, दुर्मिळतेवर किंवा तिच्यापायी मालकाने मोडलेल्या मुदत ठेवींवर ठरत नसून, तिच्या चाकाचा व्यास आजच्या कोणत्या कष्टकरी वाहनाच्या चाकाशी जुळतो यावर ठरते. जिच्या मापाचा टायर एखाद्या दूधवाल्याला, रिक्षावाल्याला किंवा नारळवाल्याला रोज लागतो ती गाडी तरली. जिचे माप तिच्यापुरतेच राहिले ती बैठकीच्या खोलीत गेली. चारचौघांत उठून दिसावे म्हणून घेतलेल्या वाहनाला धावण्यासाठी चारचौघांचाच टायर लागतो, ही गोष्ट मालकवर्गाला फारशी आवडत नाही, म्हणूनच बहुधा ती कोणी लिहून ठेवलेली नसावी.

उदाहरणादाखल दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी सव्वा लाखांच्या आसपास संख्येने बनवलेली बीएसए एम-२० ही मोटारसायकल घेता येईल. तिची दोन्ही चाके १९ इंची असून तिला ३.२५-१९ मापाचे टायर लागतात. बर्मिंगहॅमच्या ज्या कंपनीने ती बनवली तिचा बाजार सत्तरच्या दशकात उठला, म्हणजे या गाडीने भारतात निराधार व्हायला हवे होते. परंतु पन्नासच्या दशकाच्या मध्यास भारतीय लष्कराने सीमेवरील गस्तीसाठी रॉयल एन्फिल्ड बुलेट पसंत केली, मद्रासला तिचा कारखाना निघाला, आणि त्या बुलेटच्या दोन्ही चाकांचे माप योगायोगाने हेच निघाले. पुढची कित्येक दशके मुळशी-मावळातले दूध ज्या बुलेटांवरून कॅन लटकवून शहरात येत राहिले, त्यांनी झिजवलेल्या टायरांच्या जोरावर महायुद्धातली बीएसए आजही कॅम्पातून फेरफटका मारते. मालक तिच्याविषयी बोलताना उत्तर आफ्रिकेतील वाळवंटाचा उल्लेख करतो, दुधाचा करत नाही.

अर्थात हा आधारही कायमचा नाही. नव्या बुलेटने मागचे चाक १८ इंचांवर आणले आणि मापेही मिलिमीटरमध्ये नेली, त्यामुळे ३.२५-१९ हा टायर आता प्रामुख्याने जुन्या बुलेटांसाठीच खपतो. म्हणजे ऐंशी वर्षांच्या गाडीला चाळीस वर्षांच्या गाडीचा आधार, आणि त्या चाळीस वर्षांच्या गाडीच्या मालकाच्या मुलाने इलेक्ट्रिक स्कूटर बुक केलेली, अशी एकंदर परिस्थिती आहे.

पुण्याची स्वतःची गाडी म्हणजे बजाज चेतक. आकुर्डीच्या कारखान्याने १९७२ पासून जवळजवळ साडेतीन दशके ही स्कूटर बनवली आणि एके काळी ती मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसले. तिचा टायर ३.५०-१० मापाचा. चेतक बंद झाल्यावर हे माप तिच्याबरोबरच सती जायचे, परंतु होंडा कंपनीच्या अ‍ॅक्टिव्हाला ९०/१००-१० हे जवळजवळ तेच माप लागत असल्यामुळे चेतकचा टायर आज कोपऱ्यावरच्या कोणत्याही दुकानात मिळतो. ज्या गाडीने चेतकला रस्त्यावरून हुसकावले तिनेच तिच्या टायरची सोय केली. याउलट २०१९ मध्ये बजाजने चेतक हेच नाव देऊन जी विजेची स्कूटर आणली तिची चाके १२ इंची आहेत, त्यामुळे तिचा टायर जुन्या चेतकला शोभेसाठी गळ्यात अडकवण्यापलीकडे कामाचा नाही. नावाचे वारस अशा वेळी उपयोगी पडत नाहीत, चाकाचे भाऊबंद पडतात. मात्र अ‍ॅक्टिव्हाच्याही नव्या आवृत्तीत पुढचे चाक १२ इंची झाले आहे, आणि चेतकचे जाणते मालक शेजाऱ्याच्या अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या चाकाकडे आताशा जरा काळजीने पाहू लागले आहेत.

चेतकच्याही आधी, इटलीच्या पिआजो कंपनीशी झालेल्या करारानुसार, बजाजने साठच्या दशकात जी व्हेस्पा १५० बनवली तिचे चाक अवघे ८ इंची होते आणि टायर ३.५०-८. आठ इंची चाकाचा आजचा लोकाश्रय म्हणजे तीनचाकी रिक्षा, तिचा टायर ४.००-८. रुंदी अर्ध्या इंचाने जास्त आणि भार वाहण्यासाठी पोट कडक, त्यामुळे निरुपाय झालेला व्हेस्पामालक रिक्षाचा टायर चढवतो, तेव्हा स्कूटर किंचित उंच होते, खड्ड्याची वार्ता कण्याला अधिक तपशिलाने पोचवते आणि वळणावर जरा हट्टीपणाने वागते. हा उपाय शहाणपणाचा नव्हे. स्कूटर वळताना कलते आणि रिक्षा कलत नाही, किंवा निदान कलू नये अशी अपेक्षा असते; त्यामुळे रिक्षाच्या टायरचा माथा सपाट असतो आणि कललेल्या अवस्थेत रस्त्याला चिकटून राहण्याची त्याला सवय नसते.

आता शीर्षकातल्या मापाकडे वळायला हरकत नाही. झेक मूळ असलेली जावा २५० ही मोटारसायकल म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून बनवायला घेतली; पुढे तिचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. पुण्यात या गाडीचे भक्त असे आहेत की त्यांच्यापुढे बुलेटचे नाव काढणे म्हणजे भांडणाला निमंत्रण देणे. जुन्या जावाची दोन्ही चाके १६ इंची, टायर ३.२५-१६. येझदी रोडकिंगच्या वेळी कंपनीने स्वतःच १८ इंची चाके घेतली आणि सोळा इंचांना वाऱ्यावर सोडले. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले तेव्हा नव्या गाडीची टाकी, रंग आणि जोड सायलेन्सर जुन्या गाडीची आठवण करून देतील अशी काळजी घेण्यात आली होती, परंतु चाके पुढे १८ आणि मागे १७ इंची. वारसाने आजोबांचा कोट घेतला, वहाणा घेतल्या नाहीत.

मग सोळा इंची चाक आज कोण वापरते? उत्तर प्रत्येक भाजीमंडईच्या तोंडाशी उभे असते. टीव्हीएस एक्सएल ही मोपेड, जिच्यावर दोन गॅस सिलिंडर, नारळाची पोती किंवा आख्खे कुटुंब यांपैकी काहीही मावते, तिला २.५०-१६ मापाचा टायर लागतो. व्यास तोच, रुंदी पाऊण इंचाने कमी. हा टायर जावाच्या रिमवर ओढूनताणून चढतोही, आणि इथे गणित करणे अगत्याचे होते. उंची रुंदीइतकी धरल्यास मूळ टायरसह चाकाचा बाहेरचा व्यास साडेबावीस इंच होतो आणि मोपेडच्या टायरसह एकवीस. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे सात टक्के कमी अंतर कापते, इंजिन विनाकारण जास्त ओरडते, गाडी पाऊण इंच खाली बसते आणि स्टँडवर उभी केल्यावर अंमळ ओशाळवाणी दिसते. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी साडेसहाला सात टक्क्यांचा फरक कोणाच्याही लक्षात येणार नाही हे खरे असले, तरी कात्रजच्या घाटात दोन माणसांना घेऊन उतरताना तो पाऊणपट रुंदीचा रबरी आधार पुरेसा नसतो. म्हणून जावामालक मोपेडचा टायर हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो, उसासा टाकून परत ठेवतो आणि खऱ्या शोधाला लागतो.

हा शोध नाना पेठेत सुरू होतो. दुचाकींच्या सुट्या भागांची पुण्यातली ही जुनी बाजारपेठ असून तिथल्या दुकानदारांच्या स्मरणशक्तीपुढे संगणक फिके पडतात, परंतु तिथला संवाद एका ठरावीक वळणाने जातो. ‘तीन पंचवीस सोळा आहे का’ या प्रश्नाला ‘गाडी कुठली’ असा प्रतिप्रश्न येतो. ‘जावा’ म्हटल्यावर दुकानदार प्रथमच मान वर करतो. ‘कुठलं मॉडेल?’ ‘अडुसष्ट.’ ‘कागद आहेत?’ ‘आहेत.’ यानंतर काही क्षण शांतता पसरते आणि मग तो विचारतो, ‘विकायचीये का, काका?’ टायर मागायला गेलेल्या माणसाकडे गाडीच मागण्याची ही पद्धत पुढच्या चार दुकानांतही तशीच आढळते, आणि मालकाची बाजारातली पत वाढत असताना टायर मिळण्याची शक्यता त्याच प्रमाणात घटत जाते.

नाना पेठेत न जमल्यास बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतील जुना बाजार गाठावा लागतो. तिथे जमिनीवर ताडपत्री पसरून मांडलेल्या नळांच्या तोट्या, पितळी कुलपे, लष्करी बूट आणि बंद पडलेले मोबाईल यांच्या पलीकडे टायरांची चळत असते, आणि प्रत्येक टायरवर काळे पॉलिश अशा उदार हस्ते फासलेले असते की उन्हात तो कारखान्यातून नुकताच आल्यासारखा चमकतो. विक्रेता सांगतो, ‘वापरलेला नाहीये साहेब, ठेवलेला आहे.’ हे विधान बहुतेकदा खरे असते आणि नेमकी तीच अडचण असते.

नैसर्गिक रबर हे लांबच लांब रेणुसाखळ्यांचे बनलेले असते आणि हवेतील ओझोन वायू या साखळ्यांतील दुहेरी बंधांवर घाला घालून त्या तोडतो. परिणामी टायरच्या बाजूंना आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक चिरा पडतात. यावर उपाय म्हणून टायरच्या मिश्रणात मेण घातलेले असते. टायर धावताना दबतो-फुगतो, त्या हालचालीने मेण पृष्ठभागावर येत राहते आणि त्याचा पातळ थर रबराचे रक्षण करतो. जो टायर धावतच नाही त्याला हे मर्दन घडत नाही. म्हणजे ‘ठेवलेला’ टायर हा ‘वापरलेल्या’ टायरपेक्षा लवकर म्हातारा होतो, मग त्याच्यावरची नक्षी कितीही कोरी असो. टायरचे वय त्याच्या अंगावरच छापलेले असते: २००० सालापासून बाजूवर चार आकडे देण्याची पद्धत आहे, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ३२१४ असे असल्यास तो टायर २०१४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला. बहुतेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर निरोप सुचवतात. पॉलिशचा थर नेमका या चार आकड्यांवर सर्वांत जाड का असतो, याचे कारण विक्रेत्यांना विचारून उपयोग नाही.

आकडे मुळीच नसलेले टायरही निघतात आणि मूळ वस्तूच्या सोवळ्यात अडकलेले संग्राहक त्यांच्यावरच झडप घालतात. १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंजला सुरू झालेल्या डनलॉप कारखान्याचे नाव बाजूवर असलेला टायर म्हणजे या मंडळींना साक्षात्कार. तो कारखाना बंद पडूनही बरीच वर्षे झाली, त्यामुळे त्या टायरचे वय हिशेबात न धरणेच इष्ट. परंतु नाव बाहेरच्या अंगाला येईल अशा बेताने तो बसवला जातो. त्यांच्या लेखी एमआरएफचा टायर म्हणजे तडजोड. १९४६ मध्ये मद्रासजवळ खेळण्यातले फुगे बनवण्यासाठी निघालेल्या या उद्योगाने पुढे त्याच हवेच्या जोरावर देशाला चालते केले; पण सोवळे ते सोवळे. याबाबतीत मतभेदाला जागा नसावी: प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला चाळीस वर्षांचा टायर शोभतो, मात्र त्याच टायरवर जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा दिनाच्या फेरीत, भर पावसात ओल्या डांबरावर उतरणारा माणूस मूळ वस्तूच्या प्रेमाने नव्हे तर निव्वळ नशिबाने घरी परततो.

परदेशातून टायर मागवण्याचा मार्ग कागदावर सोपा दिसतो. अमेरिका आणि युरोपात जुन्याच मापांचे टायर नव्याने बनवणारे कारखाने आहेत; अगदी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतील ‘बीडेड एज’ टायर, म्हणजे ज्याच्या काठात तार नसते आणि जो केवळ हवेच्या दाबाने रिममध्ये रुतून बसतो, तोही तिकडे मिळतो. हा टायर हवा गेली की रिम सोडतो, त्यामुळे त्याचे मालक इतरांपेक्षा धार्मिक असतात. परंतु २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने भारतात विकल्या जाणाऱ्या टायरांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले, आणि जून २०२० मध्ये नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याच्या यादीत टाकण्यात आली. हेतू देशी उद्योगाला संरक्षण देण्याचा. पण जो टायर देशी उद्योग बनवतच नाही त्यालाही ते संरक्षण समान न्यायाने लाभले. तिकडेही सगळे आलबेल आहे असे नव्हे: जुन्या ब्रिटिश गाड्यांचे अनेक टायर ज्या नावाने ओळखले जात त्या एव्हॉनचा मेल्क्शम येथील कारखाना २०२३ च्या अखेरीस बंद झाला.

कायद्याने मात्र या मंडळींची एके ठिकाणी मोठी सोय केली आहे. जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. शुल्क वीस हजार रुपये, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे आणि अट अशी की वाहन रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणायचे नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांनी ते बाहेर पडू शकते. टायर शोधणे ही निःसंशय देखभाल होय. त्यामुळे पुण्यातील व्हिंटेज जावाचा मालक टायर मिळत नाही तोवर गाडी घेऊन शहरभर कायदेशीरपणे हिंडू शकतो. टायर मिळाला की त्याला घरी बसावे लागते. मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते, आणि शोध लांबल्यास हे दोन नियम एकमेकांसमोर उभे ठाकतात, ते वेगळे.

तरीही टायर मिळतो. कोणाच्या तरी मामेभावाच्या मित्राच्या, सांगलीकडच्या बंद पडलेल्या एजन्सीच्या गोदामातून, नाहीतर पंजाबातल्या एखाद्या छोट्या कारखान्याने सणावाराला काढल्यासारख्या काढलेल्या घाण्यातून, तीन पंचवीस सोळाची जोडी एसटीच्या पार्सलने स्वारगेटला येऊन पडते. गोणपाट सोडल्यावर नव्या रबराचा वास येतो आणि साच्याच्या हवेच्या भोकांतून बाहेर आलेले रबराचे बारीक केस टायरभर उभे असलेले दिसतात. हे केस म्हणजे टायर धावलेला नसल्याचा पुरावा. मालक टायर बसवतो, हवा भरतो आणि इतक्या सायासाने मिळालेली वस्तू झिजू नये म्हणून गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवतो. दर रविवारी कव्हर उचलून केस जागेवर आहेत ना ते पाहतो. केस जागेवरच राहतात. मेण आतल्या आत राहते, ओझोन आपले काम चुकवत नाही, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी नक्षी पूर्ण, केस शाबूत आणि बाजूंना चिरांचे जाळे, अशा अवस्थेत ती जोडी निकामी ठरते. तेवढ्या काळात त्याच सोसायटीच्या फाटकाबाहेर शहाळी विकणाऱ्याच्या एक्सएलने टायरांच्या दोन-तीन जोड्या संपवलेल्या असतात. दर वेळी तो समोरच्या पंक्चरवाल्याकडे गेला, उभ्या उभ्या नवा टायर घालून घेतला, आणि महागाई किती वाढली आहे हे त्याला ऐकवून परत येऊन शहाळी सोलायला बसला.